मदत हवी आहे: सी-चेकच्या (विमानाच्या ठरावीक काळाने होणाऱ्या मोठ्या तपासणीच्या) कोटेशनमध्ये मनुष्यतासाचा (एका माणसाच्या तासाभराच्या कामाचा) दर कसा धरायचा?

नागपूरच्या मिहानमधल्या विमान दुरुस्तीच्या कोटेशनसाठी विचारतोय. एका माणसाचे आठवड्याला ४८ तास, म्हणजे वर्षाला २४९६. रजा-सुट्ट्यांचे २४० आणि ट्रेनिंगचे ८० वजा केले की २१७६. त्यातले ६५ टक्केच बिलात लागतात असं धरलं, तर हाती १४१४. पगार मात्र २४९६ तासांचा, म्हणजे ताशी खर्च ताशी पगाराच्या पावणेदोन पट होतो आणि सिंगापूरच्या दुरुस्ती कंपन्यांपुढची आपली स्वस्ताई कमी होत जाते. त्यात पॅनल उघडल्यावर गंज सापडला की पार्ट येईपर्यंत विमान हँगरमध्ये अडकून, माणसं बसून. पगार कापणं हा उपाय नव्हेच. बी-१ लायसन्सवाला (विमानाच्या देखभालीचा परवाना असलेला) इंजिनिअर सोडून गेला तर झालेल्या कामावर सही कोण करणार? फिक्स्ड दरात नॉन-रूटीन (तपासणीत ऐनवेळी निघालेल्या) कामाचे तास किती टक्के धरता? आणि थांबलेल्या दिवसांचे पैसे करारात कसे लिहून घेता? नमुना कलम असेल तर कृपया टाका.