‘नीतिमत्त्वाचे दान’ – वाक्य चुकलंय की मी?

प्रश्न

एका ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) स्मरणिकेची प्रुफं तपासतेय. त्यात एक वाक्य आलं : ‘ख्रिस्तात आम्हांला नीतिमत्त्वाचे दान मिळाले आहे.’ नीतिमत्ता दान कशी मिळेल? ती अंगी बाणवावी लागते. मी लाल पेनाने खोडून ‘नीतिमत्तेची शिकवण’ असं केलं. संध्याकाळी संपादकांचा फोन. ‘ताई, तुम्ही आमचं शुभवर्तमानच खोडलंत की!’ हसून म्हणाले, पण म्हणाले. या शब्दाचा नेमका अर्थ काय? आणि त्यात दोन ‘त’ कशाला?

प्रतिसाद

‘त’चं आधी उरकतो. महत् + त्व = महत्त्व, तसंच नीतिमत् + त्व = नीतिमत्त्व. ‘ता’ लागला की नीतिमत्ता. व्याकरणात या सख्ख्या बहिणी, पण दिल्या दोन गावी. नीतिमत्ता अग्रलेखांत आणि भाषणांत दिसते, नीतिमत्त्व बायबलबाहेर क्वचितच.

आता अर्थ. बायबलच्या नव्या करारातल्या रोमकरांस पत्रात (५:१७) प्रेषित पौल हेच म्हणतो, की नीतिमत्त्व हे दान आहे आणि ते स्वीकारायचं असतं. त्याचा ग्रीक शब्द डिकायोसुने. त्यामागे चांगल्या वागणुकीइतकाच न्यायासनापुढचा निकालही आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (२५:१) न्यायाधीश निर्दोषाला निर्दोष ठरवतो. त्याला तो निर्दोष ‘करत’ नाही, तसा निकाल देतो. मराठी बायबलने इथे ‘नीतिमान ठरणे’ योजलं, आणि हे क्रियापद मला फार नेमकं वाटतं. आपण दोषी ठरतो, पात्र ठरतो, अपात्र ठरतो. ठरवणारा नेहमी दुसरा असतो.

लॅटिनमध्ये याचं ‘युस्तिफिकारे’ झालं. त्यात ‘करणे’ आहे, आणि प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने तो शब्द ‘नीतिमान करणे’ असाच वाचला. पुढे सोळाव्या शतकात, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या काळात पश्चिमेकडची मंडळी दुभंगली, त्यात ‘ठरवणे की करणे’ हा मोठा वाद होता. लूथरन (ल्यूथरच्या परंपरेतले) आणि कॅथलिक यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या त्या ३१ ऑक्टोबर १९९९ ला, जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये. एका क्रियापदाचा हिशोब मिटायला जवळपास पाचशे वर्षं. तोही पुरता मिटला असं नाही.

प्रतिसाद

‘ठरणे’ मान्य. माझी अडचण ‘दान’शी आहे. आपल्याकडे दान म्हटलं की सत्पात्री. घेणारा लायक हवा आणि देणाऱ्याला पुण्य लागतं. पौल नेमकं उलटं सांगतो. रोमकरांस पत्र ४:५ मधला देव अधर्म्याला नीतिमान ठरवतो, म्हणजे शुद्ध अपात्री दान! ‘देणगी’ म्हणावं तर पावतीपुस्तक आठवतं. ‘बक्षीस’ म्हणजे पहिला नंबर.

प्रतिसाद

बक्षिसाला इतक्यात बाद करू नका. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर दस्तलेखकाला विचारा, बक्षीसपत्र म्हणजे काय. विनामोबदला दिलेली मिळकत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२२ प्रमाणे ते पुरं व्हायला घेणाऱ्याने स्वीकारावं लागतं, तेही देणारा हयात असताना. किंमत शून्य, पण स्वीकार आवश्यक. ५:१७ मधलं ‘स्वीकारणारे’ मला या दस्तावरून कळलं, प्रवचनातून नाही.

प्रतिसाद

आयुष्यभर किर्द-खतावणी लिहिली, म्हणून एक सुधारणा. ‘ख्रिस्ताचं नीतिमत्त्व आपल्या नावे लिहिलं’ असं पुष्कळ जण म्हणतात. सातबाऱ्याच्या भाषेत ते ठीक. खतावणीत मात्र ‘नावे’ म्हणजे येणं, समोरच्याने द्यायचं! इथे हवं ‘जमा’. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात मूळपुरुष अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व असा ‘गणला’ गेला, तिथला ग्रीक शब्द हिशोबातही चालणारा आहे. पुढच्याच ओळीत मजुरी येते. काम करणाऱ्याची मजुरी हे देणं असतं, मेहरबानी नसते. फिलेमोनाला मात्र पौल पत्रात लिहितो, की तुझा दास अनेसिम याचं काही देणं असेल तर ते माझ्याकडे मांड. ती खरी ‘नावे’ची नोंद.

प्रतिसाद (पहिलाच)

नावे-जमा आवडलं. ‘दान’वाल्यांसाठी एक गंमत. जुन्या करारातला नीतिमत्त्वाचा हिब्रू शब्द आहे त्सदाका. पुढे यहुद्यांत त्याचाच अर्थ दानधर्म झाला. आपल्या ‘धर्मा’नेही तीच वाट धरली : धर्मादाय, धर्मार्थ दवाखाना, दारावर ‘धर्म करा माय’. म्हणजे ‘धर्माचं दान’ मराठी कानाला परकं नसतं वाटलं. पण आज धर्म म्हटलं की अर्जातला रकाना डोळ्यांपुढे येतो. हिंदी बायबलने ‘धार्मिकता’ घेतलं. मराठीत धार्मिक म्हणजे उपासतापास करणारा, त्यामुळे इथे तो अर्थ साफ उलटला असता.

मूळ प्रश्नकर्ती

खोडलेल्या शब्दांखाली ठिपके देऊन प्रूफ परत धाडलं. ‘दान’ आहे तसंच ठेवलं. बक्षीसपत्र पटलं, पण स्मरणिकेत ते वाचून लोक जमिनीच्या चौकशीला यायचे. पुढच्या पानावर ‘नितिमान’ ऱ्हस्व होतं, तेवढं दीर्घ केलं.