इंग्रजी शब्दांचे सिलॅबल : कोशातले ठिपके कशासाठी?

प्रश्न : मेरियम-वेबस्टर कोशात 'टायगर' मधे ठिपका देऊन दोन तुकड्यांत छापतात. 'आयडिया'ला मात्र ठिपकाच नाही. म्हणजे त्यात एकच सिलॅबल (एका दमात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा) का? आणि स्पेलिंग लक्षात ठेवायला हे तुकडे कामी येतात का?

– 'आयडिया'त तीन सिलॅबल आहेत. शब्दातले ठिपके उच्चारासाठी नसतातच. ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला तर कुठे तोडायचा, एवढंच ते सांगतात. एकटंदुकटं अक्षर ओळीच्या टोकाला सोडायचं नाही हा छपाईचा शिरस्ता. इथे सुरुवातीचा आय आणि शेवटचा ए, दोन्ही एकटे पडतात, म्हणून ठिपका नाही. उच्चाराचे तुकडे शब्दापुढच्या उच्चारलेखनात बघा.

– त्यात ब्रिटिश-अमेरिकी घोळ आहेच. 'नॉलेज' जुन्या ब्रिटिश पद्धतीत डब्ल्यूनंतर तोडतात, म्हणजे मूळ 'नो' शाबूत राहतो. अमेरिकी उच्चार पाहतात आणि एलनंतर तोडतात.

– मोजताना ऐकू येणारे स्वर मोजा, लिहिलेले नव्हे. 'स्ट्रेंग्थ्स'च्या स्पेलिंगमध्ये 9 अक्षरं आणि सिलॅबल एक. 'एरिया'त 4 अक्षरं आणि सिलॅबल तीन!

– मग 'रिदम'? ए, ई, आय, ओ, यू यांतलं एकही नाही, सगळं वायवर भागवलंय.

– तरी दोन. शेवटचा एम स्वराचं काम करतो. 'बॉटल'मध्ये एल तेच करतो. देवनागरीत आपण 'द' पूर्ण लिहून मोकळे होतो, म्हणून हे जाणवत नाही. (आपलंही लेखन उच्चाराला कुठे धरून असतं? 'कमळ' लिहायला तीन अक्षरं, बोलताना क-मळ.)

– स्पेलिंगचं राहिलंच. 'डिनर'मध्ये दोन एन, 'डायनर'मध्ये एक. 'हॉपिंग'ला दोन पी, 'होपिंग'ला एक. पहिला तुकडा व्यंजनाने बंद झाला की स्वर आखूड, उघडा राहिला की लांब. हे एवढं कळलं तरी डबल अक्षराच्या बऱ्याच चुका टळतात. पण डोळे मिटून लावू नका. 'लेमन'मध्ये एम एकच, तरी स्वर आखूडच.

– आणि 'रेकॉर्ड'? तो दोनदा दिलाय, ठिपका वेगवेगळ्या जागी.

– बरोबर आहे. नाम असेल तेव्हा आघात (उच्चारातला जोर) पहिल्या तुकड्यावर, म्हणून सी पहिल्याला चिकटतो. क्रियापदात आघात पुढे सरकतो आणि सी दुसऱ्या तुकड्यात जातो.