स्प्रिंगमध्ये ॲनोटेशन की एक्सएमएल?

रात्रपाळी: आमचं ॲप्लिकेशन स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कच्या जुन्या आवृत्तीवर आहे. सगळी बीन, म्हणजे स्प्रिंग स्वतः तयार करून एकमेकांना जोडतं ती ऑब्जेक्ट, एकाच एक्सएमएल फाइलमध्ये, चार हजार ओळी. माझं म्हणणं, आता ॲनोटेशनवर, म्हणजे कोडमध्येच @ लावून लिहायच्या खुणांवर, जाऊ या. मध्यंतरी एका क्लासचं नाव बदललं, एक्सएमएलमध्ये जुनंच राहिलं. कंपायलरच्या लेखी ते नाव म्हणजे नुसता मजकूर, त्यामुळे बिल्ड झालं. बीन लेझी होतं, म्हणजे गरज पडेपर्यंत तयारच न होणारं, म्हणून सर्व्हरही मुकाट उठला. महिनाअखेरीला पहिला रिपोर्ट काढला तेव्हा सगळं कोसळलं. २००७ च्या २.५ आवृत्तीपासून बीन आपोआप जोडणारं @ऑटोवायर्ड आणि क्लासला बीन ठरवणारं @कंट्रोलर हाताशी आहेत. मग हा जाच कशाला सोसायचा?

जुना जावावाला: असहमत. दोष लेझीचा आहे, एक्सएमएलचा नाही. आज नवा मुलगा टीममध्ये आला की मी त्याला ती एक फाइल उघडून देतो. कुठलं बीन कुठे जोडलंय ते त्याला दुपारपर्यंत कळतं. ॲनोटेशन लावलीत की तीच माहिती दोनशे क्लासमध्ये विखुरणार. शिवाय बाहेरच्या जारमधल्या (तयार लायब्ररीच्या फाइलमधल्या) क्लासवर @सर्व्हिस कुठे चिकटवणार? तो सोर्स आपला नाही.

कोकणकडा: जारचं उत्तर २००९ मध्येच मिळालंय. ३.० पासून @कॉन्फिगरेशनचा क्लास लिहा, त्यात @बीनची मेथड, आतून जारमधलं ऑब्जेक्ट परत करा. एकाच जागी दिसतं आणि नाव चुकलं तर बिल्डच अडतं. तुम्हाला हवं ते दोन्ही.

जुना जावावाला: हे मान्य, जारचा मुद्दा मागे घेतो. पण एका ग्राहकाकडे एसएमएस गेटवे वेगळा, दुसऱ्याकडे वेगळा. एक्सएमएलमध्ये एक ओळ बदलून सर्व्हर रीस्टार्ट करतो. कोडला हात लावला की नवं बिल्ड, पुन्हा सगळं टेस्टिंग. रात्री अकराला फोन येतो तेव्हा हा फरक फार मोठा असतो.

कोकणकडा: गेटवे, टाइमआउट, डेटाबेसचा पत्ता फाइलीतच हवं, त्यावर वादच नाही. सर्व्हलेट ३.० हे जावाचं वेब मानकसुद्धा तसंच करतं: @वेबसर्व्हलेट लिहिलं तरी वेब.एक्सएमएलमध्ये वेगळं असेल तर फाइलीचं ऐकलं जातं. जेपीए या जावाच्या डेटाबेस मानकातही मॅपिंगची (कुठला क्लास कुठल्या टेबलात ते सांगणारी) फाइल ॲनोटेशनच्या वरचढ. माझा विरोध आहे तो क्लासची नावं मजकूर म्हणून लिहिण्याला.

रात्रपाळी: मग गेटवेची ओळ एक्सएमएलमध्येच ठेवतो. रिपोर्टचं मॉड्यूल आधी @कॉन्फिगरेशनमध्ये नेतो, बाकीची जुनी फाइल @इम्पोर्टरिसोर्सने तशीच ओढून घेतो. लेझी मात्र आजच काढतोय.