जकात : भरायची, काढायची की चुकवायची?

कानामात्रा :
समाजशास्त्राच्या एका प्रबंधाचा मराठी सारांश तपासायला आला आहे. विषय इस्लाममधली जकात, म्हणजे मुसलमानाने आपल्या मालातून गरजूंसाठी काढायचा वाटा, आणि ती सरकारने गोळा करायला घेतल्यावर काय होतं हा. त्यातही भर पाकिस्तानच्या १९८० च्या कायद्यावर. अनुवादकाने तीन पानांत चार शब्द वापरलेत : कुठे 'भिक्षादान', कुठे 'दानधर्म', कुठे 'धर्मादाय कर', कुठे नुक्ता (अक्षराखालचं टिंब) देऊन 'ज़कात'. मला एकच शब्द हवा आहे. नुसतं 'जकात' छापलं तर मराठी वाचकाला शहरात येणाऱ्या मालावरचा नाक्यावरचा कर, ट्रकांची रांग आणि पावतीपुस्तक आठवणार, हे उघड आहे. मग काय करावं? नुक्ता ठेवू का?

दौतटाक :
नुक्ता अजिबात नको. तो हिंदीची गरज आहे, आपली नाही. जमीन, बाजार, जरा, जोर हे शब्द आपण दंत्य 'ज'नेच उच्चारतो आणि तो मूळच्या उच्चाराच्या पुष्कळ जवळ जातो. 'जकात'ही तशीच. नाक्यावरची जकात कोणी 'जीवन'मधल्या 'ज'ने म्हणत नाही. नुक्ता दिलात की वाचकाला वाटेल हा काही निराळाच शब्द आहे. तसा तो नाही.

अडत्या :
ट्रकांची रांग आठवणारे आता आमच्या वयाचेच. मुंबईची जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली, इतर शहरांतली तर त्याआधीच. विशीतल्या पोराला 'जकात' विचारा, तो बसथांब्याचं नाव सांगेल. त्यामुळे आणखी दहा वर्षांनी हा प्रश्नच उरायचा नाही. थांबता येतंय का बघा. :)

रत्नांग्रीकर :
'भिक्षादान' आधी काढा, कानामात्रा. भिक्षा मागणारा असतो आणि देणारा मर्जीने देतो. इथे दोन्ही नाही. जकात फर्ज आहे, म्हणजे नमाज-रोज्यासारखीच बंधनकारक. कुराणात (७०:२४-२५) चांगल्या माणसांच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा 'ठरलेला हक्क' असतो असं म्हटलंय, आणि तिथे शब्दही 'हक्क'च आहे, आपण सातबाऱ्याला वापरतो तोच. आपल्याकडचं ते आपलं नाहीच, दुसऱ्याचा वाटा आपल्याकडे पडून आहे, अशी ती कल्पना. 'दान' म्हटलं की देणारा मोठा होतो, इथे तसं अपेक्षित नाही.

मर्जीने द्यायचं त्याला सदका. ईदच्या नमाजाआधी द्यायचा तो फितरा. खैरातही मूळ चांगलाच शब्द, पण मराठी वर्तमानपत्रांनी त्याची पार वाट लावली आहे. 'निवडणुकीआधी घोषणांची खैरात' वाचून वाचून तो आता शिवीच्या काठावर आला आहे. त्यामुळे खैरातही वापरू नका.

आणि आमच्याकडे जकात 'काढतात' किंवा 'देतात'. 'यंदाची जकात काढलीत का?' असं विचारतात. 'भरली' म्हटलेलं मी घरात कधी ऐकलेलं नाही.

दौतटाक :
शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. म्हणजे फरक शब्दात नाही, क्रियापदात आहे. सरकारी जकात बसवतात, वसूल करतात, भरतात, माफ करतात. धर्मातली काढतात, देतात, अदा करतात. क्रियापद नीट वापरलं तर वाचक नाक्यावर जाऊन थांबणार नाही.

अडत्या :
पण मुळात दानाचा शब्द नाक्यावर आलाच कसा? आमचे आजोबा म्हणायचे, लोकांनी चिडून 'घ्या दान' म्हणत पैसे टाकले म्हणून.

मोडीवाचक :
गोष्ट छान आहे, पण तसं नाही. शब्द नाक्यावर भरकटत आलेला नाही. नाका जकातीच्या शास्त्रातच होता.

जकात कोणाला द्यायची याचे आठ वर्ग कुराणात (९:६०) सांगितलेत, त्यात तिसरा वर्ग 'आमिलीन', म्हणजे जकात गोळा करणारे कर्मचारी. आपल्या 'अंमल', 'अंमलदार' या शब्दांचं मूळ तेच. वसुलीला माणसं नेमायची आणि त्यांचा मेहनताना त्यातूनच द्यायचा, म्हणजे सुरुवातीपासून हे खासगी दान नव्हतं, त्याला एक खातं होतं. पैगंबरांनंतर ६३२ मध्ये काही टोळ्यांनी जकात मदिनेला पाठवायचं नाकारलं, तेव्हा पहिले खलिफा अबू बक्र यांनी त्यांच्यावर फौज धाडली. सदका थकला म्हणून कोणी फौज धाडत नाही.

पुढे व्यापारी वाटांवर चौक्या बसल्या. तिथल्या अधिकाऱ्याला फिक्‌हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत 'आशिर' म्हणतात. खलिफा उमर यांच्या नावावर जे दर सांगितले जातात ते असे : मुसलमान व्यापाऱ्याच्या मालावर शेकडा अडीच, राज्यातल्या बिगरमुस्लिमावर पाच, परराज्यातल्यावर दहा. यातले अडीच हीच त्या व्यापाऱ्याची जकात धरली जाई. गंमत म्हणजे 'माझ्या मालाला अजून वर्ष झालेलं नाही' किंवा 'माझ्यावर तेवढंच कर्ज आहे' असं त्याने शपथेवर सांगितलं, तर हनफी या सुन्नी शाखेच्या शास्त्राप्रमाणे त्याला सोडून द्यायचं. तपासनाक्यावरची जकात आणि ईश्वराची जकात एकाच माणसाच्या हातात पडत होती.

ही पद्धत हिंदुस्थानात आली. औरंगजेबाने १६६५ मध्ये मालावर मुसलमानांना अडीच आणि हिंदूंना पाच टक्के असा दर लावला, दोन वर्षांनी मुसलमानांचा माफ केला. व्यवहारात चौकीवर जे घेतात ते सगळंच जकात झालं, देणारा कोणी का असेना. दख्खनेत तर शब्द पूर्ण कारभारी झाला होता. शिवाजी महाराजांचं १६७१ चं कुडाळच्या सरसुभेदाराला, नरहरी आनंदरावांना पत्र आहे. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशचं मीठ स्वस्त पडतं, त्यामुळे व्यापारी तिकडे वळून संगमेश्वरच्या मिठाचं गिऱ्हाईक तुटेल, म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय. इथे जकात हे देशी मालाला संरक्षण देणारं हत्यार आहे. पेशवाईत तिचे पोटप्रकार झाले : माल भरला तिथे थळभरीत, विकला तिथे थळमोड, शिवाय छापा, म्हणजे मालावर शिक्का मारण्याचं शुल्क. वसूल करणारा जकातदार. जकाते, जकातदार ही आडनावं आजही आहेत.

आणि अडत्या, आजोबांना सांगायला एक भर. सौदी अरेबियाने २०२१ मध्ये जकात-कर खातं आणि सीमाशुल्क खातं एकत्र करून एकच प्राधिकरण केलं. नाव : जकात, कर आणि सीमाशुल्क प्राधिकरण. दोन्ही जकाती पुन्हा एका पाटीखाली आल्या.

कानामात्रा :
म्हणजे 'जकात'च ठेवायची, पहिल्या उल्लेखाला एक ओळ स्पष्टीकरण द्यायचं. ठरलं. आता मजकुरातली काही वाक्यं टाकतो, जी मला खटकतात :

१. 'अनेक खातेदारांनी रमजानच्या आधी पैसे काढून जकात दिली नाही, तर अनेकांनी जकात चुकवली.'
२. 'निसाब साडेसात तोळे सोने, म्हणजे ७५ ग्रॅम.' (निसाब म्हणजे जकात लागू व्हायची किमान मर्यादा.)
३. 'ही रक्कम वर्षअखेरीस फकिरांना व कर्जबाजाऱ्यांना दिली जाते.'
४. 'पावसाच्या शेतीवर १० टक्के व पाण्याच्या शेतीवर ५ टक्के.'

दौतटाक :
पहिलं वाक्य हिंदीतून आलंय. मूळ इंग्रजी असलं तरी मध्ये हिंदी मसुदा असणार, पैज लावतो. हिंदीत 'चुकाना' म्हणजे देऊन टाकणं. मराठीत कर्ज 'चुकतं केलं' म्हणजे फेडलं, पण कर 'चुकवला' म्हणजे बुडवला. त्यामुळे ज्यांनी इमानाने दिली त्यांनाच अनुवादकाने चोर ठरवलंय. 'अनेकांनी जकात दिली' एवढंच करा.

मोडीवाचक :
तिथे 'कापली' घाला. पाकिस्तानच्या १९८० च्या अध्यादेशाने बँकांना रमजानच्या सुरुवातीला बचत खात्यांतून अडीच टक्के परस्पर वळते करायला सांगितलं होतं. खातेदाराने काही दिलं नाही, बँकेने कापून घेतलं. शियांचा आक्षेप नेमका यावर होता : त्यांच्या फिक्‌हप्रमाणे सरकारला हा अधिकारच नाही. त्याच वर्षी इस्लामाबादेत मोठी निदर्शनं झाली आणि लेखी प्रतिज्ञापत्र दिलं तर कपातीतून सूट अशी तडजोड निघाली. प्रबंधाचा सगळा मुद्दा 'काढणे' आणि 'कापणे' यांच्या मधला असावा असं दिसतंय. मराठीत तो दोन क्रियापदांत मावतो, तेव्हा जपून वापरा.

अडत्या :
दुसरं माझ्या पेशातलं आहे. सराफाकडे आज दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, पण शास्त्रातले साडेसात तोळे जुन्या तोळ्याचे, ११.६६४ ग्रॅमच्या. ते ८७.४८ ग्रॅम होतात. चांदीचे साडेबावन्न तोळे तसेच ६१२.३६ ग्रॅम. ७५ छापलंत तर ८० ग्रॅमवाल्या एखाद्या बाईंना उगाच जकात लागू होईल.

रत्नांग्रीकर :
बरोबर. त्यात काही जण सोन्याऐवजी चांदीचा निसाब धरतात, तो पैशात फार खाली येतो, म्हणजे देणारे वाढतात. सारांशात कोणता धरलाय ते लिहा.

तिसऱ्या वाक्यात तीन चुका आहेत. 'वर्षअखेर' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ३१ मार्च येतो. इथे ज्या दिवशी निसाबाइतका माल हाती आला त्या दिवसापासून एक चांद्र वर्ष, सुमारे ३५४ दिवस. रमजानमध्ये काढायची सक्ती नाही, पुण्य जास्त म्हणून आणि तारीख लक्षात राहते म्हणून लोक तो महिना धरतात. कुराणातल्या आठ वर्गांच्या यादीतले 'फुकरा' म्हणजे साधे गरीब. मराठीत 'फकीर' लिहिलं की हिरवा झगा आणि मोरपिसांचा झाडू येतो. 'गरीब' लिहा. आणि 'कर्जबाजारी' या शब्दात दोष त्याचाच आहे असा वास येतो. 'कर्जात अडकलेले' बरं. हो, त्याच यादीत 'इब्नुस्सबील' असेल, शब्दशः 'वाटेचा लेक'. घरी असेल श्रीमंत, पण परमुलखात पैशाविना अडकलेला. अनुवादकाने त्याचं 'पर्यटक' केलं नसलं म्हणजे मिळवली.

कानामात्रा :
'प्रवासी' केलंय. थोडक्यात वाचलो.

दौतटाक :
चौथ्याला आपल्याकडे तयार शब्द असताना हे 'पाण्याची शेती' काय? जिरायतीवर दहावा हिस्सा, बागायतीवर विसावा. जिरायत हा शब्दही अरबीच, शेती या अर्थाचा. 'उश्र' म्हणजे दहावा भाग, त्याला 'दशांश' चालेल, पण बागायतीच्या विसाव्याला 'दशांश' म्हणता येत नाही, तिथे 'अर्धा उश्र' ठेवा.

कानामात्रा :
शेवटचं एक. सारांशात सगळीकडे 'जकातचे वितरण', 'जकातचा निधी' आहे. रत्नांग्रीकर, तुमच्याकडे असंच म्हणतात का?

रत्नांग्रीकर :
बोलताना दोन्ही. 'जकातचे पैसे' सर्रास.

दौतटाक :
छापताना सामान्यरूप करा : जकातीचे वितरण, जकातीचा निधी. चारशे वर्षं मराठीत वावरलेल्या शब्दाला परक्यासारखं बिनविभक्तीचं का उभं करायचं? फक्त 'जकाती' असं अनेकवचन टाळा, कारण त्यासरशी वाचक परत नाक्यावर जाईल.