मदत हवी आहे: ‘रॅश’ला मराठीत काय लिहू? अर्जंट

घाटमाथा: ‘रॅश अँड नेग्लिजंट’ असं लिहिलंय, दोन्हीला निष्काळजी लिहिलं तर कागद परत आला, गुगलवर टाकलं तर पुरळ दाखवतंय. उद्या सकाळी द्यायचंय, प्लीज पटकन सांगा.

मावशी_नाशिक: उतावळा. सरळ आहे की, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

टंकलेखक: कसला कागद आहे? पूर्ण वाक्य टाका, असं हवेत कसं सांगणार.

घाटमाथा: अॅक्सिडेंटचा, कोर्टाचा. ट्रकवाल्याने वळणावर ओव्हरटेक करताना बाइकला उडवलं. भारतीय दंड संहितेचं कलम २७९.

जुना_कारकून: हे आधी सांगायचं ना. मग उतावळा अजिबात नको, ते स्वभावाला म्हणतात. बेदरकारपणे आणि हयगयीने असं लिहा. समोरचं दिसत नाही, धोका आहे हे कळतंय, तरी गाडी घातली तर बेदरकार. रिव्हर्स घेताना मागे बघितलंच नाही तर हयगय. कायद्यात दोन्ही वेगळे आहेत म्हणूनच तुमचा कागद परत आला असणार.

मावशी_नाशिक: अविचारी पण चालेल की, पेपरात नेहमी येतं.

जुना_कारकून: ‘अविचाराने’ फिर्यादीतही असतं, चूक नाही.

हायवे_राजा: फिर्यादीत ‘भरधाव’ पण असतं, तेही घाला. हे ट्रकवाले लेन सोडून कसे येतात मी रोज बघतो.

जुना_कारकून: अहो, मुळात नसलेलं कसं घालतील? नुसता वेग जास्त म्हणजे बेदरकारपणा नाही, सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या केसमध्ये हेच म्हटलंय, तिथेही ट्रकच होता. भाषांतरात आपल्या मनाचा शब्द घुसवला की उलटतपासणीत त्याच्यावरच बोट ठेवतात.

टंकलेखक: आणि २७९ कसं काय? आता न्याय संहिता आहे, तिथे २८१ आहे. तारीख काय अपघाताची?

घाटमाथा: मार्च २०२४

टंकलेखक: मग २७९च. नवा कायदा १ जुलै २०२४ पासून.

हायवे_राजा: भरपाईचं वेगळं बघा हां, मोटार अपघात न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज.

घाटमाथा: भरपाईचं वकील बघतायत, मला फक्त शब्द हवा होता. बेदरकारपणे व हयगयीने लिहितोय. खाली ‘हाय स्पीड’ वेगळ्या वाक्यात आहे, भरधाव तिथेच ठेवतो.