भीमगीतांचा पेनड्राइव्ह विकत घ्यायचा की नाही?

दिमडी
सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या रांगेला लागून गाण्यांचेही स्टॉल लागतात. काही ठिकाणी गायक किंवा त्यांची मंडळी स्वतः नवे गाणे घेऊन बसलेली असतात. चार पावलांवर दुसरा विक्रेता हजारो गाण्यांचा पेनड्राइव्ह विकतो. तालुक्याच्या मोबाइल दुकानांत 'गाणी भरून मिळतील' हा तोच धंदा वर्षभर चालतो. माझे मत: हा भरलेला पेनड्राइव्ह घेऊ नये. तेच पैसे गाणाऱ्याच्या हातात द्यावेत.

हिशेब करून पाहा. १२८ केबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट माहितीच्या) एमपी३ला मिनिटाला साधारण १ एमबी लागते. म्हणजे पाच मिनिटांचे गाणे ५ एमबी, आणि ३२ जीबीत सहा हजारांच्या आसपास गाणी. समजा, वस्तूची किंमत वजा जाता विक्रेत्याला ३०० रुपये सुटले. गाण्यामागे ५ पैसे झाले, आणि तेही गाणाऱ्याला नाहीत. आता दुसरी बाजू. स्टुडिओचे तास, ढोलकी, पेटी, बासरी, कोरस, ॲरेंजर, मिक्सिंग असा मिळून एका गाण्याला २०,००० खर्च आला असे धरू. १०० रुपयांच्या सीडीतून ८० हाती राहिले, तर २५० जणांनी घेतल्यावर खर्च निघतो. २५० माणसे त्या मैदानात तासाभरात स्टॉलसमोरून जातात. ती शेजारी वळतात म्हणून पुढचे गाणे रेकॉर्ड होत नाही.

मोकळा_कंठ
साफ असहमत. ही गाणी नकलून नकलूनच वाढली. लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी गावोगावी वह्यांत उतरवून घेतली गेली, जयंतीला गायली गेली, पुढच्या गावाने तिथून उचलली. त्या काळी कोणी परवानगीचा कागद मागितला असता तर चळवळीचे गाणे वस्तीबाहेर पडलेच नसते.

शिवाय कॅसेटच्या जमान्यातली कितीतरी गाणी एकरकमी मानधनावर रेकॉर्ड झाली. गायकाने पाकीट घेतले, सही केली, विषय संपला. त्याची मूळ कॅसेट घेतली काय आणि नकली घेतली काय, गायकाच्या घरी फरक शून्य. आणि आज सीडी कोण वाजवणार? लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, गाडीला नाही. रोजंदारीवरच्या माणसाला ट्रॅक्टरवर वाजेल असे काहीतरी हवे असते.

तुणतुणे
वही आणि पेनड्राइव्ह एकाच मापाने मोजू नका. वही गाण्यासाठी उतरवली जायची, विकण्यासाठी नाही. आणि वहीत कवीचे नाव टिकायचे, कारण ते शेवटच्या कडव्यात गुंफलेले असे. 'वामन' ही नाममुद्रा गाणाऱ्याच्या तोंडूनच पुढे जायची.

पेनड्राइव्हमध्ये काय होते? फाइलचे नाव 'ट्रॅक ०७', कलाकाराच्या रकान्यात कुठल्यातरी डाउनलोड साइटचा पत्ता, गीतकाराचा रकाना रिकामा. डीजे मिक्समध्ये तर दोन कडव्यांनंतर गाणे कापतात, म्हणजे नाममुद्रेचे कडवेच जाते. मग कोणी त्यावर 'पारंपरिक' असे लिहितो, आणि एकदा तसे लिहिले गेले की मानधन मागायला दारच उरत नाही. मला पैशापेक्षा ही चोरी मोठी वाटते.

'सही केली, विषय संपला' हेही पूर्ण खरे नाही. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कायद्याने राखला. तो करारात लिहून सोडता येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच (सभासदांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेलाच) देता येतो. शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत. मात्र हे आपोआप घरी येत नाही. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या सोसायटीचे सभासद व्हावे लागते आणि प्रत्येक गाणे तिथे नोंदवावे लागते. जुन्या एकरकमी करारांना ही दुरुस्ती किती लागू होते, यावर वाद होऊ शकतो. आजच्या गायकांनी तरी करार वाचूनच सही करावी.

तबकडी
नकली माल ओळखण्याबद्दल थोडे. पेनड्राइव्हवर '३२० केबीपीएस' लिहिलेले असते. त्यातली बरीच गाणी यूट्यूबवरून कन्व्हर्टरने उतरवलेली असतात. तिथला आवाज आधीच दाबलेला असतो. तो ३२० मध्ये बदलला की फाइल फुगते, गेलेला आवाज परत येत नाही. स्पेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर घ्या, फाइल त्यात टाका. १६ किलोहर्ट्झच्या आसपास आलेख सपाट कापल्यासारखा दिसला तर ती बहुधा उतरवलेली प्रत. कानालाही कळते: झांज आणि दिमडीची किनार खरखरीत होते, टाळ्या फसफसतात.

सीडीचा तळ निळसर-जांभळा म्हणजे नकली, असे काही जण सांगतात. हा निकष वापरू नका. छापील सीडी मोठ्या संख्येने काढल्या तरच परवडते, म्हणून छोटे गायक स्वतःच कोऱ्या सीडीवर गाणी भरतात. त्यांचाही तळ निळसरच. वेष्टन पाहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२अ प्रमाणे निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्क कोणाकडे ते आणि पहिल्या प्रकाशनाचे वर्ष, हे तिन्ही छापावे लागते. सर्वांत सोपा उपाय: विक्रेत्याला विचारा, 'हे कोणी गायलंय, लिहिलंय कोणी?'

मोकळा_कंठ
नाममुद्रेचा मुद्दा मान्य, तो माझ्या ध्यानात आला नव्हता. पण पायरसी सोडलेल्या माणसाने जायचे कुठे? स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार वेळा वाजले नाही तर त्या गाण्याला रेकॉर्डिंगचे मानधनच नाही, हा २०२४ पासूनचा नियम. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा हवा तर १,००० सदस्य आणि वर्षात ४,००० तास पाहिले जायला हवे. गायकाकडून थेट गाणी विकत घेण्याची बँडकॅम्प ही साइट चांगली, पण ती पेपाल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेवर चालते, आणि पेपालने भारतातल्या भारतात पैसे पाठवणे १ एप्रिल २०२१ पासून बंद केले. म्हणजे कायदेशीर ऐकूनही जिल्ह्यातल्या गायकाला काही नाही. नुसता नकार देऊन कोणाचे पोट भरत नाही.

दिमडी
म्हणूनच मी ॲप म्हटले नाही, हात म्हटले. यूपीआयच्या क्यूआरवर थेट दिलेल्या १०० रुपयांतले १०० पोचतात. सीडी नको असेल तर गायकानेच ८ जीबीचा पेनड्राइव्ह विकावा. आपली १५-२० गाणी, प्रत्येक फाइलच्या टॅगमध्ये (माहितीच्या रकान्यांत) गायक, गीतकार, संगीतकार, वर्ष, आणि सोबत शब्दांची पीडीएफ. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेला असावा, नाहीतर गाडीतले जुने प्लेअर वाचत नाहीत. फाइलची नावे इंग्रजी अक्षरांत आणि ०१, ०२ अशा क्रमांकांनी सुरू करावीत. कित्येक प्लेअर देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतात.

स्टॉलवर एक चूक नेहमी होते. डाउनलोडची लिंक तिथेच उघडून देण्याचा प्रयत्न. सहा डिसेंबरला त्या गर्दीत नेटवर्क बसते, लिंक उघडत नाही, माणूस निघून जातो. त्यापेक्षा छापील कार्ड द्या, घरी जाऊन उतरवता येईल असे. यूपीआयही अडकते, म्हणून सुटे पैसे हवेतच.

साक्षेपी
गायकांनी आणखी एक जपावे. गाणे आधी स्टॉलवर विकले आणि यूट्यूबवर स्वतः टाकले नाही, तर कोणीतरी ते उतरवून, गाणी ॲपांवर चढवून देणाऱ्या वितरकामार्फत स्वतःच्या नावाने चढवतो. मग कंटेंट आयडी ही यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा तुमच्याच गाण्यावर त्याचा दावा लावते आणि जाहिरातीचे पैसे त्याच्याकडे जातात. म्हणून विक्रीच्या आधी किंवा त्याच दिवशी डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअरसारख्या वितरकाकडून गाणे चढवून आयएसआरसी (प्रत्येक रेकॉर्डिंगचा वेगळा ओळख) क्रमांक घ्या. दावा आलाच तर हरकत नोंदवा. समोरच्याला उत्तराला ३० दिवस असतात. पुराव्याला स्टुडिओची प्रोजेक्ट फाइल, सुटे ट्रॅक, तारखेचे बिल आणि गीतकाराशी केलेला लेखी करार ठेवा. स्टुडिओवाले जागा करायला प्रोजेक्ट पुसून टाकतात. रेकॉर्डिंगच्या दिवशीच आपली प्रत मागून घ्या.

मोकळा_कंठ
नव्या गाण्यांपुरते पटले. जुन्यांचे काय? १९८५ची कॅसेट घ्या. रेकॉर्डिंगचा हक्क ६० वर्षांचा, म्हणजे २०४५ अखेरपर्यंत. काढणारी कंपनी बंद, नवी प्रत कोणी काढत नाही. ते गाणे आज फक्त त्या पेनड्राइव्हवरच सापडते. नातवाने आजोबांच्या आवडीचे गाणे ऐकूच नये?

तुणतुणे
ऐकावे की. पण ज्याच्याकडे कॅसेट आहे त्याच्याकडून प्रत मागून घ्या, विक्रेत्याला पैसे देऊ नका. कायदाही विकणाऱ्यावर कडक आहे: कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. घरी ऐकायला घेणाऱ्यावर तसा रोख नाही. आणि त्या गायकाचे कुटुंब हयात असेल तर गाणे कोणाचे हे लिहून त्यांना कळवा. अनेक घरांत स्वतःच्या वडिलांचे रेकॉर्डिंगच नसते.

मोकळा_कंठ
हे करण्यासारखे आहे. जयंती मंडळांनाही जोडून घ्या. डीजेला मोठी रक्कम जाते आणि त्यावर वाजणारी गाणी याच पेनड्राइव्हची. १४ एप्रिलच्या अंदाजपत्रकात डीजेचा एक तास कमी करून तालुक्यातल्या गायनपार्टीला ती वेळ द्यावी. माइक, गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून दोन मॉनिटर स्पीकर आणि ढोलकीला वेगळा माइक एवढे मंडळाने पुरवले तरी पुरे. आमच्याकडच्या मंडळाची बैठक मार्चच्या पहिल्या रविवारी आहे, तिथे हा विषय मांडतो.