चाफा नुसता पानांनी भरलाय, फुलांचा पत्ता नाही

परसबाग_पुणे: कुंपणालगत पांढरा चाफा आहे (सोनचाफा नव्हे, चीक निघतो तो). फांदी लावून ४ वर्षं झाली, उंची ७ फूट, ऊन दिवसभर. पानं फूटभर लांब, हिरवीगार, पण यंदा तुरे दोनच. माती काळी. शेजारी लॉन आहे, त्याला रोज पाणी आणि महिन्याला युरिया. चाफ्याच्या फांद्या दर फेब्रुवारीत एका उंचीवर छाटल्या जातात. आता पानांच्या मागे नारिंगी पूडही दिसतेय. काय करावं?

खुरपं: आधी कात्री ठेवा बाजूला. चाफ्याचा तुरा फांदीच्या शेंड्यालाच येतो. तो फुलून गेला की त्याच्याखालून दोन-तीन फांद्या फुटतात आणि पुढचे तुरे त्यांच्या शेंड्यांवर. सगळे शेंडे एकदम उडवले की झाडाचा हंगाम नवे धुमारे वाढवण्यात जातो, आणि ते फुलायच्या बेतात येतात तोवर पुन्हा फेब्रुवारी! चाफ्याला मेंदीच्या कुंपणासारखं कातरायचं नसतं. वाळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या तेवढ्या काढा, त्याही जोडापाशी. खुंट ठेवलात तर तो वाळत खाली उतरतो.

माती_पाणी: छाटणी आहेच, पण मला युरियाचा संशय जास्त. फूटभर पानं आणि फुलं नाहीत म्हणजे युरियातल्या नत्राचा (नायट्रोजनचा) मारा. मुळं लॉनखाली गेलेली असणार, गवताचं सगळं खत चाफा खातोय. बुंध्याभोवती ३ फुटांचं आळं गवतमुक्त करा, तिथे युरिया नको. मार्चमध्ये कोंब हलले की १०:२६:२६ (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश यांचं मिश्र खत) फक्त ५० ग्रॅम, बुंध्यापासून दीड फुटावर मातीत मिसळून. हाडांचा चुरा कुणी सुचवेल, पण चुनखडी असलेल्या काळ्या मातीत त्यातला स्फुरद झाडाला फारसा मिळत नाही.

पाणी उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर, पावसाळ्यात नाही, पानं गळाल्यावर तर अजिबात नाही. काळी माती ओल धरते आणि खोड बुडाशी कुजतं. अंगठ्याने दाबून बघा. टणक असेल तर ठीक. दबलं, सुरकुतलं असेल तर वरून निरोगी फांद्या कापून नवीन रोप करणंच बरं.

तांबेरा_शत्रू: नारिंगी पूड म्हणजे तांबेरा, हा बुरशीचा रोग. पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळे ठिपके, मागे पूड, बोट फिरवलं की बोटाला लागते. झाड मरत नाही, पानं लवकर गळतात. गळलेली पानं रोज उचला, कंपोस्टमध्ये टाकू नका. स्प्रिंकलरचं पाणी पानांवर उडत असेल तर ते आधी थांबवा, पान ओलं राहिलं की बीजाणू रुजतात. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, पानांच्या मागच्या बाजूने, सकाळी. भर उन्हात मारलं तर पानं करपतात. पानगळ तोंडावर असेल तर औषधाचा खर्च कशाला?

परसबाग_पुणे: धन्यवाद. पण वर वीजेची तार आहे, उंची कमी करावीच लागेल.

खुरपं: मग यंदा एक तृतीयांश फांद्या, बाकीच्या पुढच्या दोन वर्षांत. म्हणजे दरवर्षी थोडी फुलं राहतील. पानं नसताना, फेब्रुवारीत कापा. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हातमोजे घाला. कापलेले दीड फुटाचे तुकडे सावलीत ८-१० दिवस उभे ठेवा, चीक सुकून तोंड बंद झालं की अर्धी वाळू घातलेल्या मातीत ४ इंच खोल लावा. लावताना एकदा पाणी, मग पानं फुटेपर्यंत माती कोरडी पडल्याशिवाय नाही. आणि तारेजवळच्या फांद्यांसाठी आधी वीज बंद करून घ्या, ओला चाफा आणि ॲल्युमिनियमची शिडी एकत्र नको.